घराच्या विम्यातली खोडलेली ओळ

आमच्या सोसायटीच्या कपाटात एक जुनी फाइल आहे. तिच्यावर निळ्या शाईने 'विमा' असे लिहिले आहे आणि ते अक्षर माझे आहे. अंधेरी पूर्वेला मरोळच्या बाजूची आमची चार मजल्यांची, चोवीस बिऱ्हाडांची इमारत. बारा वर्षे मी तिचा खजिनदार होतो. घराच्या विम्याविषयी मला जे थोडेफार कळते, ते पुस्तकातून आलेले नाही. ते या फाइलीतल्या एका कागदाने मला शिकवले. म्हणून सुरुवात त्या कागदापासूनच करतो.

2005 सालच्या एप्रिलमध्ये इमारतीच्या विम्याचे नूतनीकरण आले. त्या काळी आगीच्या विम्याचे दर देशभर एकाच दरपत्रकाने ठरत. पॉलिसीचे नाव लांबलचक, 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स'. म्हणजे आग तर झालीच, शिवाय वीज कोसळणे, स्फोट, दंगल, वादळ, पूर असे इतर ठरावीक धोकेही त्यात असत. मात्र वादळ, पूर आणि पाणी तुंबणे हा गट नको असेल, तर तो सुरुवातीलाच वगळता येई आणि हप्त्यात तेवढी सूट मिळे. एजंटने हे सांगितले आणि मी समितीच्या बैठकीत म्हणालो, "समुद्र इथून कोसांवर. आणि पूर यायला इथे नदी कुठे आहे?" सगळे हसले. ती ओळ खोडली गेली. वाचलेल्या पैशांत आम्ही जिन्यातले दिवे बदलले आणि वार्षिक सभेत त्याबद्दल माझे कौतुकही झाले.

नदी होती. मिठी नदी आमच्यापासून चालत दहा मिनिटांवरून वाहत होती. विहार आणि पवई तलावांचे जादा पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला मिळते. पण आम्ही तिला नाला म्हणत होतो आणि नाल्याला पूर येतो, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

26 जुलै 2005, मंगळवार. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच वेळात कुलाब्याला पडला जेमतेम 73 मिलिमीटर. एकाच शहराचे ते दोन दिवस होते. संध्याकाळी आमच्या तळमजल्याच्या चार घरांत पाणी शिरले आणि रात्री ते छातीपर्यंत चढले. त्यातल्या एका घरात एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहत. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. ती रात्र दोघांनी दुसऱ्या मजल्यावर आमच्या घरी काढली. पाणी ओसरल्यावर आम्ही खाली उतरलो, तेव्हा त्यांचा फ्रीज आडवा झाला होता, लाकडी पलंग फुगून उकलला होता आणि चाळीस वर्षे जमवलेली पुस्तके चिखलात मिसळून गेली होती. सर काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी जिन्यात भेटले, तेव्हा एवढेच विचारले, "आपल्या सोसायटीचा विमा आहे ना हो? त्यात काही मिळेल का?"

मी घरी येऊन फाइल उघडली आणि ती खोडलेली ओळ पाहिली. पंपाची मोटर, मीटरची खोली, तळमजल्याची वायरिंग, पडलेली कुंपणाची भिंत, यांतल्या कशाचाही पैसा मिळणार नव्हता. मग मी पॉलिसी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. तेव्हा दुसरी गोष्ट कळली. ती ओळ खोडली नसती, तरीही सरांच्या फ्रीजला, पलंगाला आणि पुस्तकांना एक रुपयाही मिळाला नसता. कारण विमा इमारतीचा होता. घरातल्या सामानाचा नव्हता.

आपल्या उपनगरांत घराच्या विम्याविषयी जो गोंधळ होतो, त्याचे मूळ इथेच आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही जा, बहुतेक जण सोसायटीच्या इमारतीत राहतात. अशा घराचे विम्याच्या दृष्टीने दोन भाग पडतात. पहिला म्हणजे बांधकाम. भिंती, स्लॅब, जिना, गच्ची, टाक्या, लिफ्ट, कुंपण. दुसरा म्हणजे तुमच्या दाराच्या आतले सामान. बांधकामाचा विमा सहसा सोसायटी काढते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार आग आणि भूकंप यांपासून इमारतीचा विमा उतरवणे हे संस्थेचे कामच आहे. उपविधी पुराचे नाव घेत नाही, हेही लक्षात ठेवा. सामानाचा विमा मात्र ज्याचा त्याने काढायचा असतो. 'सोसायटीचा आहे ना!' असे म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि कपाट भिजल्यावर कळते की ते कपाट कोणत्याच कागदावर नाही.

आता विमा चालतो कसा, ते पाहू. आपल्याकडे भिशी सगळ्यांना माहीत आहे. दहाजणी दरमहा पैसे जमा करतात आणि दरमहा एकीचा नंबर लागतो. विमाही अशीच सामाईक थैली आहे. फरक इतकाच की भिशीत आपला नंबर लवकर यावा असे वाटते आणि विम्यात तो कधीच येऊ नये असे वाटते. हजारो घरे थोडे थोडे पैसे भरतात, त्यातल्या मोजक्या घरांवर संकट येते आणि थैलीतून त्यांची भरपाई होते. म्हणून 'इतकी वर्षे हप्ता भरला, एकदाही काही मिळाले नाही' ही तक्रार खरी तर आनंदाची बातमी आहे. तुमचा नंबर लागला नाही, इतकाच तिचा अर्थ.

या थैलीतून पैसे कोणत्या संकटाला द्यायचे, हे आधी लिहून ठेवलेले असते. 2007 च्या जानेवारीपासून ते एकसारखे दर गेले आणि कंपन्या आपापले दर ठरवू लागल्या. पुढे 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने घरांसाठी एक प्रमाणित पॉलिसी आणली. तिचे नाव 'भारत गृह रक्षा'. नाव एक, मूळ कलमे एक, कंपनी कोणतीही असो. हप्ता मात्र कंपनीगणिक वेगळा असू शकतो. या पॉलिसीत आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणे, दरड कोसळणे, दंगल, दहशतवादी कृत्य, झाड किंवा तत्सम वस्तू घरावर आदळणे, पाण्याची टाकी वा नळ फुटणे, असे धोके मुळातच धरलेले आहेत. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याला दरडीची काळजी असते, बोरिवलीत पावसाळ्यात झाड उन्मळून पडण्याची असते, आम्हा मरोळकरांना पाण्याची. तिघांचीही सोय एकाच कागदात आहे.

पण काय नाही, तेही ऐका. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून वर्षानुवर्षे पाझरणारे पाणी आणि त्याने तुमच्या छताला आलेली ओल, हा आपल्या सोसायट्यांतला भांडणाचा नित्याचा विषय. तो विम्यात बसत नाही. टाकी अचानक फुटली तर पैसे मिळतात. हळूहळू झिरपणे, गंजणे, झिजणे हे मात्र देखभालीचे काम मानले जाते. चोरीचेही असेच आहे. पूर किंवा आग यांसारखी विम्यातली घटना घडली आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत तिच्यामुळे घरात चोरी झाली, तर ती धरली जाते. पण मे महिन्यात आपण गावी गेलो आणि कुणी कुलूप तोडून घर साफ केले, तर त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. रोख रक्कम यात येत नाही. दागिन्यांसाठी वेगळे कलम आणि वेगळी रक्कम ठरवून घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट गंभीर आहे. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्कमधली साई सिद्धी ही चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफाराच्या कामावरून पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. त्या इमारतीच्या विम्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण घराच्या पॉलिसीत जमीन खचण्याचे जे कलम असते, त्यात सदोष आराखडा, सदोष काम किंवा बांधकामातले फेरफार यांमुळे झालेले नुकसान वगळलेले असते. म्हणजे शेजारी भिंत पाडत असेल, खांबाला हात लावत असेल, तर विम्याच्या भरवशावर गप्प बसता येणार नाही. तिथे महापालिकेकडे तक्रार आणि इमारतीची संरचनात्मक तपासणी हाच उपाय. विमा पैसे देतो, खांब सावरत नाही.

आता येऊ रकमेकडे. इथे शिकली-सवरलेली माणसेही फसतात. घाटकोपरला पाचशे चौरस फुटांचे घर आहे, बाजारात त्याला सव्वा कोटी येतात, म्हणून विमाही सव्वा कोटीचा काढावा, असे वाटते. पण त्या सव्वा कोटीतला मोठा हिस्सा जागेचा, स्टेशनचा, शाळेचा आहे. आग लागली तरी जागा जळत नाही. विमा काढायचा तो घर पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा. समजा आज बांधकामाला चौरस फुटामागे तीन हजार रुपये लागतात. चटई क्षेत्र पाचशे चौरस फूट. मग बांधकामाची रक्कम झाली पंधरा लाख. भारत गृह रक्षा पॉलिसीत बांधकामाचा विमा घेतला की त्या रकमेच्या वीस टक्के, पण जास्तीत जास्त दहा लाख रुपये, इतका सर्वसाधारण सामानाचा विमा यादी न देता आपोआप मिळतो. आपल्या उदाहरणात ते तीन लाख झाले. सामान त्याहून जास्त किमतीचे असेल, तर तसे सांगून रक्कम वाढवून घेता येते. दीर्घ मुदतीची, म्हणजे दहा वर्षांपर्यंतची पॉलिसी घेतली, तर बांधकामाची रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत जाते, म्हणजे महागाईशी थोडी बरोबरी होते.

सदनिकेच्या बांधकामाचा विमा सोसायटीने आधीच पुरेशा रकमेचा काढला असेल, तर नुसता सामानाचा विमाही घेता येतो. पुनर्विकासासाठी आज कितीतरी कुटुंबे घर रिकामे करून भाड्याने राहत आहेत. त्यांनी तर हे मुद्दाम लक्षात ठेवावे. घर भाड्याचे असले तरी त्यातला फ्रीज आपलाच असतो.

रक्कम कमी लावण्याचा मोह टाळा. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत एक कलम असे. घर पुन्हा बांधायला दहा लाख लागणार आणि विमा काढला पाच लाखांचा, म्हणजे निम्मा. मग नुकसान दोन लाखांचे झाले तरी हातात एकच लाख पडे. कंपनीचे म्हणणे, तुम्ही थैलीत निम्मेच टाकलेत, मग निम्मेच घ्या. घरांच्या नव्या प्रमाणित पॉलिसीत ही कपात काढून टाकली आहे, ही मोठीच सोय झाली. पण सोसायटीची पॉलिसी कोणती आहे आणि तिच्यात हे कलम आहे का, ते चिटणिसांना विचारा. पंधरा वर्षांपूर्वी ठरवलेली रक्कम नुसती पुढे ढकलत नेणाऱ्या सोसायट्या पुष्कळ आहेत.

गृहकर्ज घेतलेल्यांसाठी दोन शब्द. 'बँकेने कर्ज देताना विमा काढलाय' असे अनेक जण सांगतात. तो कागद काढून पाहा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो. कर्जदाराचे बरेवाईट झाले तर कर्ज फिटावे, यासाठी. घराला आग लागली तर त्याचा उपयोग नाही. आणि तो खरोखर घराचा विमा असेल, तर भरपाईवर पहिला हक्क सहसा बँकेचा असतो, हेही माहीत असावे.

मग संकट आलेच, तर काय करायचे? 2005 मध्ये पाणी ओसरताच आम्ही सगळ्यांनी भिजलेले सामान रस्त्यावर नेऊन टाकले आणि महापालिकेच्या गाड्यांनी ते उचलून नेले. घाण सुटली होती, रोगराईची भीती होती. आमचे काही चुकले, असे नाही. पण ज्यांचा विमा होता, त्यांचा पुरावाही त्या गाड्यांतून गेला. म्हणून आधी छायाचित्रे काढा. प्रत्येक खोलीची, भिंतीवर पाण्याने सोडलेल्या रेषेची, फ्रीजच्या मागच्या क्रमांकाच्या पट्टीची. कंपनीला लगेच कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मोठे नुकसान असेल तर सर्व्हेअर येतो. तो परवानाधारक असतो आणि त्याच्या अहवालावरच पुढचे ठरते. तो येईपर्यंत शक्य तेवढे सामान जपा. सडणारे टाकावेच लागले तर कंपनीला सांगून, छायाचित्र घेऊन टाका. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला घ्या, पुराचा सरकारी पंचनामा होत असेल तर त्याची प्रत मागा. आणि पॉलिसी तळमजल्याच्या कपाटात ठेवू नका. तिची एक प्रत ई-मेलवर, एक नातेवाइकाकडे असू द्या.

दावा नाकारला गेला, तर कारण लेखी मागा. व्यक्तीने घेतलेल्या पॉलिसीबाबत आधी कंपनीच्याच तक्रार कक्षाकडे लिहायचे. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही.

हे सारे ऐकून कुणी म्हणेल, पूर आला की सरकार मदत देतेच की! देते, आणि ती लागतेही. पण त्या मदतीतून चार दिवस निघतात, घर पुन्हा उभे राहत नाही.

सरांना मी त्या आठवड्यात जाऊन सगळे सांगितले. ओळ कुणी खोडली, का खोडली, तेही. ते म्हणाले, "तुम्ही माझ्या बाजूने विचार केला नाहीत, कारण तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता." त्यात राग नव्हता. मुलाची चूक दाखवताना मास्तर ज्या आवाजात बोलतो, तो आवाज होता. मला त्याचे उत्तर आजही सापडलेले नाही. चोवीस बिऱ्हाडांनी मिळून जे थोडे पैसे वाचवले, त्याची किंमत चार बिऱ्हाडांनी मोजली. आणि त्या चौघांना विचारायचे कुणालाच सुचले नव्हते.

पुढच्या नूतनीकरणात ती ओळ परत घातली गेली. सर आता नाहीत. पण त्यांनी सुचवलेली एक पद्धत आमच्या सोसायटीत चालू आहे. दरवर्षी सर्वसाधारण सभेत विम्याची पॉलिसी मोठ्याने वाचली जाते. विमा किती रकमेचा, कोणते धोके धरलेले आणि सगळ्यात आधी, कोणते वगळलेले. दहा मिनिटे लागतात. चहा त्यानंतर येतो.

आज रविवार आहे, चिटणीस बहुधा घरीच असतील. तेवढी प्रत मागून घ्या. आणि स्वतःच्या दाराच्या आत एकदा नजर फिरवा. जे दिसते, ते कोणत्या कागदावर आहे, हे स्वतःला विचारा.